देवाच्या रानातले आठशे मीटर

दुकानात शिरणारा माणूस आधी "काय वहिनी, कसं काय" तरी म्हणतो. सकपाळ सर तसलं काही म्हणायचे नाहीत. पायरीवरूनच डावं मनगट माझ्या नाकासमोर धरायचे आणि म्हणायचे, "वहिनी, हे खोटं बोलतंय."

महाडच्या बाजारपेठेत माझं घड्याळांचं दुकान आहे. म्हणजे आमच्या ह्यांचं होतं. ते गेल्यावर बंद करू, बंद करू म्हणत मीच चालवत राहिले. आता त्यात राम उरलेला नाही. वेळ बघायला प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. सेल बदलायचा, पट्ट्याला भोक पाडून द्यायचं, पुराचं पाणी गेलेली भिंतीवरची घड्याळं उघडून वाळवायची, एवढंच काम. दिवसभर स्टुलावर बसून कंबर धरते. त्यात हे सर. आभाळातल्या उपग्रहांशी बोलणारं घड्याळ घेऊन यायचे आणि मला म्हणायचे, बघा जरा.

"सर, मी आतली चाकं बघते. आभाळातलं मला काय कळतंय?"

"घड्याळ हाय ना? मग तुमचंच काम."

झालं! यावर काय बोलणार?

सर म्हणजे शाळेतले पीटीचे मास्तर. मूळचे पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे तिथले, नोकरी सगळी महाडात. निवृत्त झाले तरी गळ्यातली शिट्टी काही निवृत्त झाली नाही. उंच, काटकुळे, पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि चालताना टाच जमिनीला लागते की नाही अशी शंका यावी. दुकानात कधी बसले नाहीत. चहा मागवला की अर्धा प्यायचे, अर्धा ठेवायचे. का, तर पोटात हिंदकळतो. बोलणं एरवी शाळेतलं, शुद्ध. पण चिडले की वाडीवरचं 'नाय' आणि 'हाय' बाहेर यायचं. आणि चिडलेले ते बहुतेक असायचेच.

माझा मुलगा त्यांच्या हाताखाली होता. एकदा पोटात दुखतंय म्हणून मैदानाच्या कडेला बसला, तर सर म्हणाले, "दुखतंय ना? मग दुखत दुखत धाव." पोरगं घरी येऊन रडलं. मी तावातावानं शाळेत गेले. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घरी आल्यावर जेवला का?" जेवला होता, चांगला दोन भाकऱ्या जास्त. मी गुपचूप परत आले.

ते घड्याळ त्यांना एका जुन्या विद्यार्थ्यानं दिलं. तो पुण्यात कंपनीत आहे, स्वतः मॅरेथॉन वगैरे पळतो. सत्कारात शाल-श्रीफळाच्या जागी त्यानं सरांच्या मनगटाला हे धावणाऱ्यांचं घड्याळ बांधलं. किती धावलात, कुठून धावलात, सगळं आपोआप मोजतं म्हणे. शाल दिली असती तर बरं झालं असतं, असं मला पुढे कितीदा वाटलं.

सुरुवातीला गंमतच होती. घड्याळाला उपग्रह सापडेपर्यंत उघड्यावर थांबावं लागतं, असं त्या मुलानं सांगितलेलं. सर सकाळी चौकात जाऊन हात वर करून उभे राहायचे. रिक्षावाल्यांना वाटायचं, मास्तरांना जायचंय कुठंतरी. एक थांबला, मागे दुसरा थांबला.

"सर, कुठं सोडू?"

"कुठं नाय. उपग्रह येतायत."

दुपारपर्यंत बाजारपेठेत झालं, मास्तरांच्या डोक्यावर परिणाम झालाय. मी त्यांना म्हटलं, अहो, हात खाली ठेवलात तरी उपग्रह येतील, ते काय एसटी आहेत? त्यांना पटलं नाही. कुणाला बोलवायचं तर हात करावा लागतो, असं त्यांचं म्हणणं.

मग सव गावचा किस्सा. सर धावत सवला गेले आणि गुडघे शेकायला गरम पाण्याच्या कुंडात उतरले. कपडे झाडाखाली काढून ठेवले, घड्याळ कपड्यांवर, आणि ते बंद करायचं राहिलं. निवांत डुंबून वर येतात तर घड्याळातलं अंतर वाढलेलं! दुसऱ्या दिवशी मोबाइलमध्ये नकाशा उघडून मला दाखवला. झाडाच्या जागी लहान पोरानं पाटीवर गिरगोटून ठेवावं तशा रेघा.

"मी गळ्यापर्यंत पाण्यात, आणि माझी विजार धावतेय, वहिनी!"

सरांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. चहासुद्धा पूर्ण प्यायले.

पण माणूस पीटीचा मास्तर, गप्प कसा बसेल! नाते गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर किलोमीटरचे दगड आहेत. सर एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत धावले, परत आले, पुन्हा धावले. घड्याळ आणि दगड यांचं जुळलं. दर वेळी जुळलं. मग दुकानात येऊन त्यांनी निकाल दिला, "बसून राहिलं की खोटं बोलतं. धावलं की खरं बोलतं. माणसासारखंच हाय." त्या दिवसापासून त्यांनी त्याच्यावर विश्वास टाकला. नात्याचा तो रस्ता मोकळा आहे, वर सगळं आभाळच आभाळ, हे तेव्हा ना त्यांच्या ध्यानात आलं ना माझ्या.

आता सुवर्णाचं सांगते. तिच्यासाठीच तर हे सगळं सांगत बसलेय.

सरांच्या वाडीवर घरटी एक माणूस मुंबईला. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या आणि मुली. सुट्टीच्या दिवशी सर वर जायचे आणि त्या मुलींना पोलीस भरतीसाठी धावायला शिकवायचे. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी काही देत नव्हतं. "पुढचा खांब बघ, त्याच्या पुढचा बघू नको," हे त्यांचं एकच शिकवणं. त्या वाडीत विजेचे खांब मोजून चार असतील, पण मुलींना कळायचं. त्यातली सुवर्णा सगळ्यांत जिद्दीची. बाप मुंबईला हॉटेलात, आई शेतावर. एकदा भरतीत थोडक्यात हुकली होती. ही दुसरी खेप, आणि शेवटचीसुद्धा. कारण त्यापुढची भरती निघेपर्यंत ती वयात बसणार नव्हती. घरी स्थळं यायला लागली होती. आई म्हणायची, एवढी भरती होऊ दे, मग बघू. वर्दी नाहीतर लग्न, असा सरळ मामला होता.

एकदा ती सरांबरोबर दुकानात आली होती, पट्टा बदलायला. सावळी, हडकुळी, डोळे सारखे घड्याळावर. मी म्हटलं, "काय गं, पोलीस होऊन आम्हाला दम देणार का?"

"तुम्हाला कशाला काकी? आमच्या वाडीवरच्या दारू पिणाऱ्यांना देईन आधी."

मला पोरगी आवडली.

मुलींना भरतीत आठशे मीटर धावायचं असतं. वाडीवर आठशे मीटर सपाट जागा आणायची कुठून? एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. सपाट वाट एकच, ती सोमजाईच्या रानातून जाते. देवीचं रान, तिथली फांदीसुद्धा कुणी तोडत नाही, त्यामुळे झाडं अशी दाटलेली की भरदुपारी अंधारून येतं. चपला रानाच्या तोंडाशी काढायच्या, आत अनवाणी. धावायला देवीची ना नव्हती. पण सर टेप घेऊन मोजायला गेले तेव्हा गावकीनं, म्हणजे गावच्या पंचांनी, हात धरला. सोमजाईच्या रानात दोरी, साखळी, टेप काही पडत नाही, ही तिथली रीत. जमीन मोजतात ती वाटून घ्यायला, देवीची जमीन मोजणारा तू कोण?

सर त्याच वाडीतले. त्यांनी वाद घातला नाही, टेप गुंडाळून पिशवीत घातला. आणि मग त्यांना मनगटावरचं घड्याळ आठवलं. जमिनीला काही लावायचं नाही, नुसतं चालत जायचं, की अंतर हातात! गावकीलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. सर चालत गेले, आठशे आले तिथं चुना लावलेला दगड ठेवला. खात्री म्हणून पुन्हा मोजलं तर घड्याळानं थोडं मागेपुढे दाखवलं, पण फार नाही. मला येऊन सांगितलं तेव्हा केवढे खुशीत होते. "देवीचा मानही राहिला आणि आपलं कामही झालं, वहिनी."

मुली धावायला लागल्या. सुवर्णाची वेळ उतरत गेली. दर आठवड्याला सर दुकानात आकडा सांगायचे आणि मला काही कळत नसलं तरी मी "वा!" म्हणायचे. शेवटी शेवटी तर म्हणाले, "पोरगी पोलिसात गेली समजा. अलिबागला भरतीत पहिल्या पाचात येतेय." इतक्या खात्रीनं बोललेले सर मी कधी पाहिले नव्हते.

अलिबागच्या मैदानावर ती गेली, आणि हरली. सर कुंपणाबाहेरून बघत होते. पुढेच होती म्हणे बराच वेळ. रोज जिथं दगड यायचा तिथं आल्यावर तिनं होतं नव्हतं ते सगळं पायांत ओतलं, आणि शेवटची रेघ काही आलीच नाही. रेघ अजून पुढे होती. पाय शिशाचे झाले, मागच्या मुली एकेक करून पुढे गेल्या. गुण कमी पडले. यादीत नाव आलं नाही.

सगळे म्हणाले, पोरगी घाबरली. मुंबईहून बाप म्हणाला, मोठं मैदान बघून घाबरली. मीही तेच म्हटलं. होतं असं कुणाकुणाचं. सरांना ते पटेना. त्यांनी मुलींना नुसतं हरताना पाहिलेलं नव्हतं, कुठं हरतात तेही त्यांना दिसायचं. घाबरलेली मुलगी सुरुवातीला कोलमडते, हे त्यांना माहीत होतं.

पुण्याच्या त्या मुलाला त्यांनी फोन लावला, माझ्या दुकानातूनच, स्पीकरवर. तो बिचारा नीट समजावून सांगत होता. "सर, त्याला वर उघडं आभाळ लागतं. बाजूला कडा आणि वर दाट झाडं असली की सिग्नल आपटून आपटून येतो. तुम्ही सरळ चालत असता, पण घड्याळाला वाटतं तुम्ही डावीउजवीकडे नाचताय. ते सगळं नाचणं ते अंतरात धरतं."

"म्हणजे जास्त मोजतं?"

"हो सर. प्रत्यक्षात तुम्ही कमी चाललेले असता."

सरांनी फोन ठेवला. चहा आला होता, त्याला हात लावला नाही.

मग त्यांना सायकल सुचली. रानातून लोक सायकली नेतातच, चाकाला देवीची मनाई नव्हती. चाकाला फडकं बांधलं, चाकाचे फेरे मोजत सायकल हातानं ढकलत नेली. चुन्याचा दगड आठशेच्या बऱ्याच अलीकडे निघाला. आमच्या शाळेची इमारत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत आहे ना, तेवढं अंतर कमी. सायकल आधी का सुचली नाही, हे एकच वाक्य ते माझ्यासमोर इतक्या वेळा बोलले की माझाच जीव मेटाकुटीला आला.

इथं गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? कुणालाही नाही. पण सरांना राहवेना. दुसऱ्या दिवशी वाडीवर गेले. सुवर्णा ओट्यावर तांदूळ निवडत होती, आई शेजारी. सरांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चूक माझी आहे, तुझी नाही. मी मोजण्यात चुकलो, तू धावण्यात चुकली नाहीस.

सुवर्णानं सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "म्हंजे सर, मी कधी जोरात धावतच नव्हते?"

सर दुकानात येऊन मला हे सांगत होते आणि माझं डोकं फिरलं. नाही आवरलं मला. म्हटलं, "कशाला सांगायला गेलात? हरली ती एक दिवस हरली, एवढंच होतं तिच्याकडे. एरवी मी भारी धावते, त्या दिवशी नशीब फिरलं, असं म्हणत ती जगली असती. तुम्ही तेवढंही काढून घेतलंत. तुमचं मन हलकं झालं, तिनं कुठं जायचं?"

"खरं सांगायला नको?"

"मला नका विचारू. मी सेल बदलते."

सर पायरी उतरून गेले. पहिल्यांदाच त्यांची टाच जमिनीला घासताना ऐकली. मी बोलले ते चूक होतं असं मला आजही वाटत नाही, आणि त्यांनी सांगितलं तेही चूक होतं असं वाटत नाही. असल्या गोष्टींनी माणूस नुसता दमतो.

त्यानंतर सर दुकानात यायचे कमी झाले. आले तरी मनगट पुढे करायचे नाहीत. वाडीवरच्या बाकीच्या मुलींचे बाप मुंबईहून म्हणायला लागले की मास्तर आता थकले, राहू दे. मुली यायच्या बंद झाल्या. सुवर्णाचं लग्न ठरलं, विरारचा मुलगा. चांगला होता म्हणे, नोकरीवाला. तिच्या आईनं रुखवतात ठेवायला माझ्याकडून भिंतीवरचं घड्याळ सांगितलं. पोलादपूरला माझ्या बहिणीकडे कार्य होतं, म्हटलं आदल्या दिवशी निघू आणि सकाळी वर जाऊन हातानंच देऊन येऊ.

सकाळचा गारवा होता. वाट विचारत सोमजाईच्या रानाच्या तोंडाशी पोचले, चपला काढल्या. तिथं आधीच दोन जोड होते. एक बायकी, आणि एक पांढरे कॅनव्हासचे बूट.

वाटेच्या कडेला सुवर्णाची आई पलीकडच्या डोंगरातनं आणलेली मोळी टेकवून अनवाणीच उभी होती. मला बघून म्हणाली, "रोज येते ही. लगीन ठरल्यापासनं. सरांना म्हणाली, बरोबर जागी दगड लावा. मी काय बोलत नाय. सासरी जाईपर्यंत जाऊ दे, म्हणते."

"आणि सर?"

"ते पन रोज येतात. पहिल्या गाडीनं."

दगड आता पुढे सरकलेला दिसत होता. जुन्या जागी चुन्याचा नुसता डाग होता. शिट्टी वाजवून तिला पलीकडच्या टोकाहून सोडलेलं, आणि सर नव्या दगडापाशी उभे, अनवाणी, मनगट छातीशी धरून. अंतर विचारायचं नाही, फक्त वेळ बघायची; तेवढ्यापुरतं ते घड्याळ खरं बोलत होतं. सुवर्णा झाडांमधून आली. पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधलेली, तोंड उघडं, पायांचा आवाज नाही. जुन्या डागावरून ती तशीच पुढे गेली, जराही न अडखळता, आणि दगड ओलांडून गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली.

"किती आलं, सर?"

सर घड्याळाकडे बघत राहिले. मग त्यांनी आकडा सांगितला. मला त्यातलं काही कळत नाही, पण पोरगी सरळ झाली.

"अलिबागला एवढंच लागत होतं ना?"

"याच्यापेक्षा जास्त वेळ लागला असता तरी चाललं असतं."

"म्हंजे होतं माझ्यात."

"होतं गो," सर म्हणाले. "होतं."

सुवर्णा हसली. खरंच, इतकी मोकळी हसली की आई मोळी तिथंच टाकून तिच्याकडे गेली. "आय, ऐकलंस?" ती म्हणाली, आणि मग मला बघून म्हणाली, "काकी, माझं घड्याळ आणलंत?" तिनं खोका माझ्या हातातून घेतला, काखेत मारला आणि उड्या मारत घराच्या वाटेला लागली. लग्न आठवड्यावर आलं होतं, घरी दळण पडलं होतं. आईनं मोळी उचलली आणि तिच्या मागे गेली. कितीतरी महिन्यांनी आईला ती पोरगी सुखी दिसली असेल, मलाही दिसली.

मी सरांना म्हटलं, "चला सर, चहा घेऊ त्यांच्याकडे."

"तुम्ही व्हा पुढं," ते म्हणाले. "येतो मी."

वळणावर मला राहवलं नाही, मागे बघितलं. सर दगडापाशी उकिडवे बसले होते. पट्टा सोडून घड्याळ पायाशी ठेवलं होतं, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून ते रडत होते. पुढे ते मुलीकडे बदलापूरला गेले आणि तिथंच वारले, त्यामुळे माझ्याकडे सरांचं शेवटचं म्हणून आहे ते एवढंच.